त्रुटींची यादी आणि घुसखोराची वाट

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील संगणकयंत्रणा कोलमडली. रुग्णांची नोंदणी, प्रयोगशाळांचे अहवाल, देयके, भेटीच्या वेळा हे सारे एका फटक्यात ठप्प झाले आणि पुढे जवळजवळ दोन आठवडे देशातील एका अग्रगण्य रुग्णालयाचा बराचसा कारभार कागद आणि पेनाच्या आधारे चालला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले होते आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली होती. त्याच उत्तरात घुसखोरीचे कारणही नोंदवले गेले: नेटवर्कचे अयोग्य विभाजन.

हे कारण पुन्हा एकदा वाचण्यासारखे आहे. येथे दोष एखाद्या जुन्या आज्ञावलीचा किंवा एखाद्या दुबळ्या पासवर्डचा म्हणून सांगितलेला नाही. दोष सांगितला आहे तो रचनेचा, म्हणजे कोणता संगणक कोणत्या संगणकापर्यंत पोहोचू शकत होता याचा. सुरक्षेच्या तपासणीत आपल्याकडे जे मोजले जाते आणि ज्यामुळे प्रत्यक्ष हानी होते, या दोहोंतील अंतर त्या एका वाक्यात दिसते.

कंपन्या, बँका आणि रुग्णालये यांच्या नेटवर्कची पेनिट्रेशन टेस्टिंग, म्हणजे मालकाची परवानगी घेऊन केलेली घुसखोरीची चाचणी, आता भारतात ऐच्छिक राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट २०१६मध्ये घालून दिली. सेबीने शेअर बाजाराशी संबंधित संस्थांसाठी तशीच चौकट २०२४मध्ये आणली. सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेने जुलै २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्षातून किमान एकदा सुरक्षा-लेखापरीक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. ‘व्हीएपीटी’ हा शब्द निविदांमध्ये रुळला आहे. ही चाचणी ज्या साधनांनी होते त्यांपैकी बरीचशी मुक्तस्रोत, अर्थात ओपन सोर्स आहेत; कोणीही ती उतरवून घेऊ शकतो आणि त्यांचा कोड वाचू शकतो. त्यामुळे साहजिकच प्रश्न विचारला जातो: यांतले सर्वोत्तम साधन कोणते?

या प्रश्नाची उत्तरे बहुधा तक्त्यांच्या रूपात मिळतात. डावीकडे साधनांची नावे, वर वैशिष्ट्ये, चौकटींत बरोबरच्या खुणा, आणि शेवटी ‘किती त्रुटी सापडल्या’ हा आकडा. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोणी तापमापी, दाबमापी आणि दुर्बीण यांचा असा तक्ता मांडून ‘सर्वोत्तम उपकरण’ जाहीर केले, तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हसेल. ही साधने एकमेकांची स्पर्धक नाहीत. प्रत्येक साधन वेगळी राशी मोजते आणि प्रत्येकाची चूक वेगळ्या प्रकारची असते. तुलना करायची तर ती या दोन गोष्टींची करावी लागेल.

सुरुवात एनमॅपपासून होते. गॉर्डन लायन यांनी १९९७मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केलेले हे साधन एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधते: या पत्त्यावरचे कोणते पोर्ट उघडे आहे? ते संगणकाकडे जोडणीची विनंती पाठवते. होकार आला तर पोर्ट उघडे, स्पष्ट नकार आला तर बंद, आणि काहीच आले नाही तर मध्ये एखादी फायरवॉल बसलेली असावी असा अंदाज. म्हणजे मौनालाही येथे अर्थ आहे, पण तो संदिग्ध आहे. यूडीपी पोर्टांच्या बाबतीत ही संदिग्धता फारच वाढते. तेथे बंद पोर्टच बहुधा नकार कळवते आणि लिनक्ससारख्या प्रणाली असे नकार साधारण सेकंदाला एकच या गतीने पाठवतात. एकाच संगणकाची ६५,५३६ यूडीपी पोर्ट त्या गतीने तपासायची तर १८ तास लागतात. म्हणून घाईच्या चाचणीत यूडीपी वगळले जाते, आणि टीसीपीचीही बहुधा सर्वाधिक वापरातली १,००० पोर्टच तपासली जातात, कारण एनमॅपची मूळ मांडणीच तशी आहे. अहवालात मात्र ‘संपूर्ण नेटवर्क तपासले’ असे छापले जाते.

संपूर्ण म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहावा. मध्यम आकाराच्या कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये ६५,५३६ पत्त्यांची जागा असणे नवलाचे नाही. प्रत्येक पत्त्याची सर्व टीसीपी पोर्ट तपासायची तर सुमारे ४२९ कोटी विनंत्या पाठवाव्या लागतील. जगातील एकूण आयपीव्ही४ पत्त्यांची संख्याही जवळजवळ एवढीच आहे. म्हणजे एका कंपनीची कसून तपासणी आणि साऱ्या इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्याचे एकेक दार वाजवणे, ही दोन्ही कामे आकाराने सारखीच आहेत. सेकंदाला १,००० विनंत्यांच्या वेगाने यास जवळजवळ ५० दिवस लागतात, सेकंदाला १ लाखाच्या वेगाने १२ तास.

मासस्कॅन हे रॉबर्ट ग्रॅहम यांचे २०१३मधील साधन नेमके याच अडचणीवर उपाय म्हणून आले. ते पाठवलेल्या पॅकेटची आठवण ठेवत बसत नाही. पाठवते आणि पुढे जाते. म्हणूनच त्याचा वेग अचाट आहे. पण वेग वाढला की वाटेतल्या उपकरणांवर ताण येतो, पॅकेट गळतात, आणि गळलेल्या पॅकेटमागचे उघडे पोर्ट नोंदीतून निसटते. एनमॅप प्रतिसादांचा अंदाज घेत स्वतःचा वेग कमीजास्त करते आणि उत्तर न आल्यास पुन्हा विचारते. कॅमेऱ्याचा उघडझाप-काळ कमी केला की हलणारी वस्तू टिपता येते, पण प्रकाश कमी पडतो. हा व्यवहारही तसाच आहे. ‘मासस्कॅन वेगवान, म्हणून चांगले’ हे विधान अर्धवट आहे. किती वेगाला किती पोर्ट निसटली, हे सोबत सांगितले तरच ते विधान तुलनेच्या पात्रतेचे होते.

पोर्ट उघडे असणे म्हणजे धोका नव्हे. त्यामागची सेवा सदोष आहे का, हा पुढचा प्रश्न ओपनव्हास विचारते. त्याच्याकडे लाखाहून अधिक ज्ञात त्रुटींच्या चाचण्यांचा साठा आहे. मात्र बाहेरून तपासताना त्यांपैकी अनेक चाचण्या सेवेने स्वतःहून सांगितलेला आवृत्ती-क्रमांक वाचतात आणि तो जुना दिसला की इशारा देतात. येथे फसगत होते. डेबियन किंवा रेड हॅट यांसारख्या लिनक्स प्रणाली सुरक्षेची दुरुस्ती पुष्कळदा जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात. मूळ क्रमांक तोच राहतो. दुरुस्त झालेली सेवा मग सदोष ठरते.

ओपनव्हासच्या रचनाकारांना हे पूर्ण ठाऊक आहे. म्हणूनच ते प्रत्येक निष्कर्षासोबत ‘शोधाची गुणवत्ता’ सांगणारी टक्केवारी देतात. प्रत्यक्ष हल्ला करून सिद्ध झालेल्या त्रुटीला १००, आत प्रवेश घेऊन पॅकेजांची यादी तपासली असेल तर ९७, दुरून वाचलेल्या आवृत्ती-क्रमांकाला ८०, आणि तो क्रमांकही भरवशाचा नसेल तर ३०. ७० टक्क्यांखालचे निष्कर्ष मूळ मांडणीत दाखवलेच जात नाहीत. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचे तर हे साधन मापनाबरोबर त्याची विश्वासार्हताही नोंदवते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा आनंदाची गोष्ट कोणती? परंतु अंतिम अहवालातून हाच स्तंभ सर्वांत आधी गळतो. व्यवस्थापनापुढे जाते ती फक्त लाल, नारिंगी आणि पिवळ्या रंगांची यादी.

हा स्तंभ का महत्त्वाचा, ते एका कल्पित उदाहरणावरून कळेल. समजा, एका नेटवर्कमध्ये १०,००० सेवा आहेत आणि त्यांपैकी १०० खरोखर सदोष आहेत. स्कॅनर खऱ्या त्रुटींपैकी ९५ टक्के पकडतो आणि निर्दोष सेवांपैकी केवळ २ टक्क्यांबाबत खोटा इशारा देतो. ही कामगिरी उत्तम वाटते. प्रत्यक्षात ९५ खरे इशारे येतील आणि उरलेल्या ९,९०० सेवांमधून १९८ खोटे. म्हणजे दर तीन इशाऱ्यांपैकी साधारण दोन खोटे. चार माणसांचा संगणक-विभाग महिनाभर या यादीशी झुंजतो, थकतो, आणि हळूहळू इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो. ‘आमच्या साधनाला अधिक त्रुटी सापडल्या’ ही जाहिरात म्हणूनच कौतुकाची नव्हे, संशयाची बाब असायला हवी.

न्यूक्लाय हे अलीकडचे साधन या दुखण्यावर वेगळा मार्ग काढते. प्रत्येक त्रुटीसाठी एक छोटी, वाचता येण्यासारखी टिपणवजा फाइल: कोणती विनंती पाठवायची आणि उत्तरात नेमके काय दिसले तर होकार मानायचा. जगभरचे स्वयंसेवक या टिपणांत भर घालतात. चांगल्या टिपणात खोटे इशारे कमी, कारण ते आवृत्तीऐवजी वर्तन तपासते. पण ज्या त्रुटीचे टिपण कोणी लिहिलेच नाही, ती त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. कंपनीने स्वतःपुरत्या लिहून घेतलेल्या हजेरीच्या किंवा पगाराच्या आज्ञावलीतले दोष तेथे सापडणार नाहीत. त्यासाठी झॅपसारखे साधन हाती घेऊन जाणत्या माणसालाच बसावे लागते.

मेटास्प्लॉइट या सर्वांच्या पुढची पायरी गाठते. एच. डी. मूर यांनी २००३मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २००९पासून रॅपिड७ या कंपनीकडे आहे, तरी त्याची मूळ चौकट आजही मुक्त आहे. ते अनुमान काढत नाही, घुसून दाखवते. पुरावा म्हणून याहून भक्कम काही नाही. पण मोजताना मोजली जाणारी गोष्टच मोडण्याची शक्यता येथे सर्वाधिक असते. इटर्नलब्लू या कुप्रसिद्ध त्रुटीवरचा प्रयोग फसला तर समोरचा विंडोज संगणक कोसळू शकतो. कचेरीतल्या संगणकाबाबत हे एक वेळ चालेल. अतिदक्षता विभागातील यंत्राशी जोडलेल्या संगणकाबाबत चालणार नाही. म्हणून कोठे पुरावा मिळवायचा आणि कोठे अनुमानावर थांबायचे, हा निर्णय साधनाचा नसून माणसाचा असतो.

येथपर्यंतची सारी साधने बिंदू मोजतात. हा संगणक सदोष, तो निर्दोष. हल्लेखोर मात्र बिंदू पाहत नाही, तो वाट पाहतो.

२७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्याने हे जगाला शिकवले आणि त्या धड्याची एक खूण नवी मुंबईतही उमटली: मर्स्क समूहाकडून चालवले जाणारे जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनल त्या दिवसांत विस्कळीत झाले. नॉटपेट्या इटर्नलब्लूचा वापर करत होता, आणि त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे साडेतीन महिने आधी दिला होता. तरीही पॅच बसवलेले संगणक पडले. कारण नॉटपेट्या एका संगणकाच्या स्मृतीतून पासवर्डसारखी ओळखपत्रे चोरत असे आणि त्यांच्या आधारे दुसऱ्या संगणकात अधिकृत मार्गाने शिरत असे. ज्याच्यावर कोणताही इशारा नव्हता असा संगणक शेजाऱ्यामुळे पडला. त्रुटींची यादी पूर्णपणे रिकामी असती तरी ही वाट मोकळीच राहिली असती.

ब्लडहाउंड हे साधन याच वाटा मोजते. २०१६च्या डेफकॉन परिषदेत ते प्रथम सादर झाले. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर चालणाऱ्या नेटवर्कमधून ते माहिती गोळा करते: कोण कोणत्या गटाचा सदस्य आहे, कोणाला कोणत्या संगणकावर ॲडमिनचे अधिकार आहेत, या क्षणी कोण कोठे लॉग-इन आहे. त्यातून आलेख तयार होतो आणि सामान्य कर्मचाऱ्याच्या खात्यापासून संपूर्ण नेटवर्कच्या ॲडमिनपर्यंतचा सर्वांत जवळचा मार्ग शोधला जातो. स्वागतकक्षातले खाते एका मदत-गटात आहे. त्या गटाला एका जुन्या सर्व्हरवर अधिकार आहेत. त्या सर्व्हरवर मुख्य ॲडमिन रोज लॉग-इन करतो. यातील प्रत्येक दुवा नियमाला धरून आहे, कोणत्याही स्कॅनरला त्यात वावगे दिसणार नाही. तरी तीन पावलांत किल्ला सर होतो.

भौतिकशास्त्रात याला जवळची एक संकल्पना आहे: पर्कोलेशन, अर्थात पाझर. सच्छिद्र खडकातील छिद्रे एकमेकांना किती प्रमाणात जोडलेली आहेत, यावर पाणी आरपार जाईल की नाही हे ठरते. चौकोनी जाळीच्या आदर्श प्रतिरूपात निम्म्याहून अधिक दुवे खुले झाले की पाणी एकाएकी पलीकडे पोहोचू लागते. त्याखाली ते आतच अडते. कंपनीचे नेटवर्क काही चौकोनी जाळी नव्हे, पण तत्त्व उपयोगी पडते: प्रत्येक छिद्र बुजवण्याची गरज नसते, योग्य जागचे थोडे दुवे तोडले तरी पाझर थांबतो. नेटवर्कचे विभाजन म्हणजे हेच. एम्सच्या बाबतीत संसदेत नोंदवलेले कारण या भाषेत वाचले, तर हजार त्रुटींच्या यादीपेक्षा दहा दुव्यांचा आलेख अधिक मोलाचा का, हे उमगते.

मात्र ब्लडहाउंडलाही सर्वोत्तम म्हणता येणार नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या पलीकडचे, म्हणजे कारखान्यातील नियंत्रक, छापखान्यातील यंत्रे, कोपऱ्यातला विसरलेला लिनक्स सर्व्हर, हे त्याच्या मूळ आवाक्यात येत नाहीत. ते शोधायला पुन्हा एनमॅपच लागते. साधनांची निवड ही क्रमाची बाब आहे: आधी काय आहे ते पाहणे, मग काय सदोष असू शकेल ते तपासणे, मग कोठून कोठे जाता येते ते आखणे, आणि शेवटी मोजक्या ठिकाणी, सांभाळून, ते सिद्ध करणे. आपल्याकडच्या अनेक चाचण्या दुसऱ्या पायरीवर संपतात, कारण तेथवरचे काम यंत्र करते आणि अहवाल आपोआप छापला जातो. पुढच्या दोन पायऱ्यांना माणसाचे दिवस लागतात, आणि निविदेत दिवसांना किंमत क्वचितच असते.

मग मुक्तस्रोत असण्याचे मोल कशात? ते फुकट आहे यात नव्हे. स्कॅनरने ‘येथे त्रुटी नाही’ म्हटले तर त्याने नेमके काय विचारले होते, हे कोड उघडून पाहता येते. दुसऱ्याने तीच चाचणी त्याच मांडणीत पुन्हा करून पडताळता येते. पुनरावृत्ती हा विज्ञानाचा कणा आहे, आणि बंद पेटीत तयार झालेल्या निष्कर्षाला तो कणा नसतो.

यावर आक्षेप घेतला जातो की हीच साधने हल्लेखोरांच्याही हाती पडतात. आक्षेप खरा आहे. नॉटपेट्याची पासवर्ड-चोरी मिमिकॅट्झ या खुल्या साधनाच्या वळणावरच बेतलेली होती. पण हल्लेखोराला ती साधने मिळणारच आहेत. ती बचावकर्त्याच्या हाती नसतील तर फक्त एकच बाजू निःशस्त्र होईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुक्तपणा कायमचा नसतो. नेसस हा स्कॅनर १९९८मध्ये खुला प्रकल्प म्हणून जन्मला आणि २००५मध्ये त्याची पुढची आवृत्ती बंद झाली; ओपनव्हास त्याच्याच खुल्या राहिलेल्या कोडमधून उभे राहिले. आज ओपनव्हासचे यंत्र खुले असले तरी चाचण्यांचा भरणा विनामूल्य आणि सशुल्क अशा दोन साठ्यांत विभागलेला आहे. एनमॅपनेही २०२०मध्ये स्वतःचा वेगळा परवाना स्वीकारला आणि त्यावर वाद झाले. ज्या देशाची बँकिंग आणि आरोग्यव्यवस्था या साधनांवर तपासली जाते, त्याने त्यांच्या देखभालीत वाटा उचलणे ही स्वतःची गरज आहे.

भारताने येथे तीन गोष्टी कराव्यात. पहिली, चाचणीच्या प्रत्येक अहवालात मापनाच्या अटी बंधनकारक व्हाव्यात: कोणते पत्ते, किती पोर्ट, कोणता वेग, बाहेरून की आत प्रवेश घेऊन, आणि प्रत्येक निष्कर्षाची विश्वासार्हता किती. एवढा एकच नियम कोऱ्या प्रतींवर नावे बदलून दिल्या जाणाऱ्या अहवालांना आळा घालील. दुसरी, जाणीवपूर्वक ठेवलेल्या दोषांचे एक राष्ट्रीय चाचणी-नेटवर्क उभारावे. कोठे काय सदोष आहे हे आधीच ठाऊक असले, तरच साधनाने काय पकडले आणि काय सोडले हे मोजता येते. आयआयटी कानपूरचे सी३आय हब किंवा पुण्यात मुख्यालय असलेले सी-डॅक यांच्याकडे यासाठीची योग्यता आहे. तेथील मोजमापे दरवर्षी खुली करावीत. तिसरी गोष्ट कायद्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना केलेला प्रवेश दोषास्पद मानते, आणि ते योग्यच आहे; पण सद्‌हेतूने त्रुटी कळवणाऱ्या संशोधकाला निःशंक वाटेल असे स्पष्ट संरक्षण कायद्यात हवे. त्रुटी कळवण्यासाठी सर्ट-इनचे धोरण आहे. त्याला कायद्याचे बळ मिळायला हवे.

विद्यार्थ्यांसाठी यातून निघणारा बोध सरळ आहे. लेखी परवानगीविना दुसऱ्याच्या नेटवर्कवर यांतले एकही साधन चालवू नये, अगदी कुतूहलापोटीही नाही. शिकण्यासाठी मेटास्प्लॉयटेबल किंवा गेम ऑफ ॲक्टिव्ह डिरेक्टरी यांसारखी मुद्दाम सदोष ठेवलेली नेटवर्क स्वतःच्या संगणकावर उभारता येतात. तेथे दोन साधने शेजारी चालवावीत आणि दोघांच्या यादीत फरक का पडला, याचा छडा लावावा. साधन कसे चालवायचे हे एका दुपारी शिकता येते. फरकाचे कारण शोधताना जे कळते, तेच पुढे उपयोगी पडते.

आणि ज्यांच्या टेबलावर असा अहवाल येतो, त्या अधिकाऱ्यांनी किती त्रुटी सापडल्या हे विचारणे थांबवावे. त्याऐवजी विचारावे: सर्वांत बाहेरच्या टेबलावरचा एक संगणक उद्या हल्लेखोराच्या हाती गेला, तर तेथून रुग्णांच्या नोंदींपर्यंत किंवा खातेदारांच्या पैशांपर्यंत किती पावले आहेत? अहवालात याचे उत्तर नसेल, तर चाचणी अजून अपुरी आहे.